पदरात पडलेलं कैलासपतीचं फूल
कैलासपतीच्या फुलाचा तो जड, गोड वास आला की मला महाराजबागेतला एक श्रावणी सोमवार आठवतो. डॉक्टरांनी बाबांना आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं, आणि दवाखान्यातून परतताना आईनं ऑटो बागेपाशी थांबवला. तिला महादेवाला वाहायला ते फूल हवं होतं. तोडायला मनाई, आणि जमिनीवर पडलेलं देवाला चालत नाही, म्हणून ती त्या जुन्या झाडाच्या बुंध्याशी पदर पसरून उभी राहिली. भोवतीच्या ओल्या मातीवर फुलं पडत होती, पदरात एकही येईना. बाकावरून बाबा म्हणाले, "चाल वं आता, पाय दुखून राहिले असतीन तुझे." "पडन ना एखादं," ती वर बघतच म्हणाली. शेवटी एक पडलं. तिनं ते बाबांपुढे धरलं. "वास घ्या." हुंगलेलं फूल देवाला वाहत नाहीत, हे आम्हाला तिनंच शिकवलेलं. औषधांमुळे बाबांना कशाचाच वास येत नव्हता. ते बराच वेळ फूल नाकाशी धरून बसले. "मस्त वास येऊन राहिला," म्हणाले. आता बाबा नाहीत. परवा त्याच झाडाखालून जाताना एक फूल आपणहून आईच्या खांद्यावर पडलं. तिनं ते झटकलं आणि चालत राहिली.