काकूंचा बुटका डोंगर

काकू गेल्याची तार धारला आमच्या शाळेत आली, तेव्हा मी फळ्यावर सातपुडा काढत होते. तो अर्धाच राहिला... डोळ्यांपुढे आला तो काकूंचा बुटका डोंगर.

देवासहून हाटपिपल्याकडे जाताना ज्वारीच्या शेतात तो उभा आहे. उंची दोन पुरुष, बस. पण शिखर आहे, खिंड आहे, बकरी बसेल एवढी गुहासुद्धा आहे. सुटीच्या दिवशी लोक गाड्या जुंपून तो बघायला जात आणि "बस, इतकाच?" म्हणत परतत. काकूंना त्याची बातमी दूधवालीनं दिली होती, "बई, पहाड़ तो असली है, बस ऊंचो नी है." झालं! काकूंना चौकशीचं भारी वेड. पहिल्याच भेटीत पदर खोचून त्यांनी पायथ्याची माती उकरली. "कुणी आणून ठेवलेला नाही गं हा, खालूनच आलाय. मग मध्येच थांबला का असेल?" पुढे मी भूगोलाची मास्तरीण झाले, तरी मला याचं उत्तर देता आलं नाही.

संस्थान विलीन झालं त्या वर्षी काकांचा दसराच गेला. दरबारच्या मिरवणुकीत महाराजांवर अब्दागीर धरून ते सीमोल्लंघनाला जायचे. आता मिरवणूक नाही, सीमाही नाही. पगडी मांडीवर घेऊन ते बसून राहिले, जेवेनात. "ओलांडायचं काय आता? सगळीकडे एकच राज्य," म्हणाले. काकू उठून बाहेर जाऊन आल्या. मग म्हणाल्या, "टांगा बोलावलाय. पगडी घाला."

डोंगर बघून काका भडकले. "थट्टा करतेस माझी?"

"चढून तर देखा!"

कुरकुरत चढले. माथ्यावरून ओरडले, "पलीकडे कुणाचं राज्य?"

"माझं! या."

सीमोल्लंघन करून आलेल्यांना बायकांनी घराच्या दारात ओवाळायचं, ही आमची रीत. काकू ताम्हन घेऊन वळसा घालून पलीकडे पोचल्या होत्या. सपाट दगडावर निरांजन तेवत होतं. काका पोट धरून हसले. त्यांच्या मागोमाग मी चढू लागले, तर म्हणाले, "मुलींनी ओलांडायचं नसतं."

"डोंगरानं विचारलं का तिला?" काकू म्हणाल्या.

तेव्हापासून दर दसऱ्याला काका आणि मी तो ओलांडत आलो. दर वर्षी तोच प्रश्न, तेच उत्तर.

यंदा घरात सण नव्हता. तरी दसऱ्याच्या दुपारी काकांनी पगडी घातली, "चल" म्हणाले. माथ्यावर बराच वेळ उभे राहिले... प्रश्न काही विचारला नाही. मला फार एकटं वाटलं. मग ते सावकाश उतरले, आणि निरांजनाच्या तुपानं काळ्या पडलेल्या त्या दगडापुढे, सवयीनं, कपाळ पुढे करून उभे राहिले.