शीव लागली की आई हात जोडते

आज दुपारी मुखेडच्या घरी आईला आम्हा दोघींच्या युरोप सहलीचा नकाशा मोबाइलवर दाखवत होते. पॅरिसपर्यंत विमान, पुढं ब्रुसेल्स अन् ॲमस्टरडॅमला रेल्वे.

"मधी देश बदलला की गाडी थांबती का?" आईनं विचारलं.

"न्हाई, थेट जाती. शिवेवर फाटक बी न्हाई."

आई नकाशाकडं बघतच राहिली. एसटीतून जाताना प्रत्येक गावाच्या शिवेला हात जोडणारी बाई ती.

"दोन देशांची शीव, अन् अडवायला कोणी न्हाई," ती हळूच म्हणाली. "लई भरोसा हाय म्हणायचा एकमेकांवर. पण मग मी हात कुठं जोडू?"



तिकडं जाऊन आलेल्यांनो, देश बदलला हे खिडकीतून कशावरून कळतं? खिडकीची जागा आईला दिली आहे.