वरच्या खोलीत इमेज बनवणारा मंगेश

मंगेश त्या जिन्यावरून दोनदाच खाली आला.

दुसऱ्यांदा आला तेव्हा तो गेलेला होता. त्याला वर्ष झालं.

आम्ही दोघं नेरचे. शाळा एक, यवतमाळला इंजिनिअरिंगचा वर्गही एक. शेवटच्या वर्षाला त्याची बाईक घसरली, पाठीचा मणका गेला. कमरेखाली काहीच उरलं नाही.

काकांनी, म्हणजे त्याच्या बाबांनी, त्याला घराच्या वरच्या मजल्यावर ठेवलं. खाली भाड्याने दिलेलं बियाण्यांचं दुकान, त्यामागे दोन खोल्या. मध्ये अरुंद जिना, अर्ध्यात वळणारा.

त्याला खालची खोली द्या म्हटलं की काकांचं एकच.
"खाली आणला का लोकं पाहाले येतात. मले नाही दाखवाचा माहा पोरगा असा."

जीव होता हो त्यांचा. अंघोळ घालणं, कूस बदलणं, सगळं स्वतः करायचे. पण खाली नाही म्हणजे नाही.

त्याच्या खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत.
"एसटी आली हे आवाजावरून समजते वं," तो मला फोनवर म्हणायचा. "कोठं चालली ते नाही समजत."

त्याच खोलीतून तो माझ्या टीममध्ये लागला. रिमोट.

आमचं काम घरच्यांना समजावणं कठीण. क्लाउडवर मशीन सुरू करायची तर तिला आधी तयार ऑपरेटिंग सिस्टिम लागते. आम्ही लिनक्स घेतो, नको ते काढतो, हवं ते टाकतो, सगळं घट्ट बंद करतो. ती झाली इमेज. एका इमेजमधून हव्या तेवढ्या मशीन उठतात.

मंगेश त्यात फार बारकाईने काम करायचा. आणि चिडायचाही.
"मी इथून सिंगापूरची मशीन चालू करून राह्यलो, अन् मले खाली चहा प्याले जाता येत नाही."

त्या दिवशी मी सुट्टीवर नेरलाच होते. सकाळी बातमी आली, आमच्या सगळ्या इमेजमध्ये असलेल्या एका सॉफ्टवेअरमध्ये हॅकर आत शिरू शकतील असं मोठं भोक सापडलं. आमच्या इमेज वापरणाऱ्या एका हॉस्पिटलने रिपोर्टची अख्खी सिस्टिम बंद करून ठेवली. नवी इमेज मिळेपर्यंत पेशंटचे रिपोर्ट अडकले.

आमच्या डिजिटल सहीशिवाय नवी इमेज कोणी चालवत नाही, आणि त्या सहीची किल्ली एका छोट्या यूएसबीत. ती मंगेशकडे. दुसरी किल्ली ज्याच्याकडे, तो विमानात.

आणि तेवढ्यात नेरमध्ये रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली. इंटरनेट नाही, मोबाईलला रेंज नाही.

मी धावत त्याच्या घरी गेले. "किल्ली दे, मी यवतमाळला जाते."
"पासवर्ड देता येते, पण इमेज टेस्टमधी अडकली तर मले विचारशीन कसं?" तो म्हणाला. मग काकांकडे वळला. "बाबा, मले खाली न्या."

काका त्याच्या पायावरची चादर नीट करत राहिले.

"बाबा."

प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्याला शेल्याने बांधलं. काका, दुकानदार, दोन हमाल. मी पुढे, लॅपटॉप छातीशी धरून.

वळणावर खुर्ची अडकली. ना वर, ना खाली. त्याचा गुडघा भिंतीला दाबलेला, मान वाकडी. काका घामाने भिजले.
"परत वर घ्या त्याले."
"वर नका नेऊ," मंगेश ओरडला. "बाबा, वर नका नेऊ मले."

खुर्ची तिरपी केली. त्याची पावलं भिंतीला घासत गेली. रक्त आलं. त्याने खाली पाहिलं.
"चालू द्या. मले दुखत नाही."

दुकानासमोर गर्दी जमली होती. एका बाईने विचारलं, "हा मंगेश ना?"
काकांनी मान खाली घातली.
"हो मावशी, मीच," मंगेश म्हणाला.

दुकानदाराच्या गाडीतून यवतमाळ रोडला लागलो. रेंज आली तिथे थांबलो. त्याने मागच्या सीटवर काम सुरू केलं. पहिली इमेज तयार झाली, मशीन सुरूही झाली, पण आत कोणालाच शिरता येईना. सगळं बंद करण्याच्या घाईत लॉगिनचा रस्ताही बंद झाला होता. त्याने शांतपणे एक ओळ बदलली, पुन्हा बनवली. चालली. सही केली, पाठवली.

हॉस्पिटलची सिस्टिम सुरू झाल्याचा मेसेज आला.

"लगेच नको चाल," तो म्हणाला.
आम्ही चहा घेतला. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली. काका गाडीबाहेर पाठ करून उभे होते.

मग त्याच जिन्याने वर.

"बाबा, खालची एक खोली..."
"पाहू," काका म्हणाले.

ते पाहणं झालंच नाही. पुढच्या पावसाळ्यात लघवीचं इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं. ताप उतरेना. अॅम्ब्युलन्स दारात उभी होती, पण त्याला खाली उतरवायला माणसं गोळा होईस्तोवर तो वरच गेला.

काल वर्षश्राद्ध होतं. पाहुणे गेल्यावर काका माझ्याजवळ येऊन बसले.
"बाई, तो काय बनवे ते दाखवतं का मले?"

मी त्याने बनवलेल्या एका इमेजमधून मशीन सुरू केली. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी पळाल्या आणि थांबल्या.

"याच्यात त्याचं नाव कुठं हाय?"
"नसते काका. इमेज पूर्ण झाली का बनवणाऱ्याच्या साऱ्या खुणा पुसाव्या लागतात. कामच तसं असते."
"त्यानं सोताच पुसल्या?"
"हो."

काकांनी स्क्रीनवरून बोट फिरवलं.

"मी त्याले लपवून ठेवलं," ते म्हणाले. "तू लिही कुठंतरी त्याचं नाव. लोकायले मालूम पडू दे."

म्हणून हे लिहिलं.

मंगेश. नेरचा. लिनक्सच्या इमेज बनवायचा. फार चांगल्या बनवायचा.

मित्रा, तुला मनापासून निरोप.