'नंतर बघू'चं बटण

आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला सगळे 'कपाट' म्हणायचे. काहीही मागा, त्याच्याकडून निघायचं. बाळाला ताप आला तर काय करावं याचं पत्रक, हात धुण्याची चित्रफीत, पाठदुखीचे व्यायाम. आमचं ऑफिस असली माहिती तयार करतं आणि वेगवेगळ्या शहरांतल्या शाखा ती संगणकावरून उचलून दवाखान्यांतल्या पडद्यांवर लावतात. पण कुणी काहीही तयार केलं तरी ते आधी कपाटाकडे जायचं. तो वाचायचा, योग्य कप्प्यात टाकायचा, 'मंजूर' दाबायचा, मगच ते इतरांना दिसायचं. त्याच्या शेजारचं टेबल माझं; मी टायपिंग करते, तेही कंत्राटावर. त्यामुळे या यंत्रणेत मला फक्त बघायचा अधिकार आहे, आणि तो मी मनापासून वापरते.

कपाटाची बायको आमच्याच संस्थेत, नर्सना शिकवते. तिची दुसऱ्या शहरातल्या शाखेत बदली झाली आणि मुलगी तिच्याबरोबर गेली. यानेही बदली मागितली, ती मिळालीसुद्धा. साहेबांनी एकच अट घातली, "तुझं काम आधी दुसऱ्या कुणाच्या नावावर कर, मग खुशाल जा." अट रास्त होती. हजारो पत्रकं याच्या नावावर, आणि बदली झाली की माणसाचं जुनं खातं बंद होऊन तिकडे नवं उघडतं; जुनं बंद झालं की सगळ्या शाखांचे पडदे कोरे.

काम सोपवायचं तर ज्याला द्यायचं त्याच्या संगणकावर एक चौकट येते. तिच्यात पूर्वी दोन बटणं होती, 'स्वीकारा' आणि 'नाकारा'. यंत्रणा नवी आली तेव्हा ती मराठीत आणायचं काम याच्याकडे होतं. हा जन्माचा भिडस्त. "असं तोंडावर 'नाकारा' बरं दिसत नाही हो, समोरच्याला वाईट वाटतं," म्हणाला, आणि संगणकवाल्यांकडून ते बटण काढून त्या जागी 'नंतर बघू' बसवून घेतलं. तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. भीड भिकेची बहीण, हे कुणाला आठवलं नाही.

चौकट आधी छायाचित्रकाराकडे गेली. त्याने 'नंतर बघू' दाबलं आणि कपाटाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुझ्यासारखं कुणाला जमणार रे!" मग भाषांतर करणाऱ्या बाईंकडे गेली. त्यांच्या सुनेचे दिवस भरत आले होते. नातू झाला, पेढ्यांऐवजी त्याचे फोटो वाटले, चौकट तशीच. चित्रकाराने तर दुपारी चहा पाजला आणि चहा पिता पिताच ते बटण दाबलं. कुणाचं कपाटाशी वैर नव्हतं. त्याचं रोजचं जेवण थंड होताना सगळ्यांनी पाहिलं होतं, एवढंच. खरं सांगते, मला अधिकार असता तर मीही टाळलंच असतं.

शेवटी तो साहेबांकडे गेला. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं.

"साहेब, तुम्हीच कुणाची तरी नेमणूक करा."

"करतो की. नियमच आहे, कुणी नकार दिला की मी आदेश काढायचा. कुणी दिलाय नकार?"

"नकार... तसा कुणी दिला नाही."

"मग आदेश कसा काढू? बघतायत ना ते सगळे? बघू दे."

बाहेर येऊन तो खुर्चीत बसला आणि पुढचं पत्रक उघडलं. जंतांच्या गोळ्यांचं होतं. मला इतका संताप आला, की मी त्याला सुनावलंच. "स्वतःच्या पायावर स्वतः धोंडा मारून घेतलास आणि वर त्याला गोंडा लावलास!" तो हसला, पण डोळे भरले होते. रोज जेवणाच्या सुट्टीत मुलीचा फोन यायचा. आधी ती विचारायची, "बाबा, कधी येणार?" हल्ली ती विचारत नव्हती. शाळेतलं काहीबाही सांगायची आणि फोन आईकडे द्यायची. हे न विचारणंच त्याला खात होतं.

आणि मग एके दुपारी त्याच्या पडद्यावर अक्षरं उमटली : 'आपले काम स्वीकारले गेले आहे.' त्याने दोनदा वाचलं, मला बोलावून वाचायला लावलं. स्वीकारणारीचं नाव त्याच्या बायकोचं होतं. वैतागून तिनेच यंत्रणेतून काम मागून घेतलं होतं. त्याने फोन लावला.

"अगं, हे काय केलंस? तुझे वर्ग, तुझं शिकवणं..."

"आधी तुम्ही घरी या," ती म्हणाली. "माझं मी बघेन."

तो गेला. आम्ही निरोप दिला, भाषणं झाली. छायाचित्रकाराचं सगळ्यांत लांबलं.

त्यानंतर पत्रकं वहिनींच्या नावाने मंजूर होऊ लागली. त्याचे फोन आनंदाचे असायचे. मुलीला सायकल शिकवतोय, डबे मीच करतो, पोळ्या आता गोल येतात. मी म्हटलं, चला, एक तरी सुटला.

परवा वहिनींचा फोन आला. एका मोठ्या अभ्यासक्रमासाठी त्यांची निवड झालीय, अनेक वर्षांपासून त्यांना तो करायचा होता. पण आमच्या साहेबांनी तीच अट घातली, आधी काम दुसऱ्या कुणाच्या नावावर करा.

"अहो मग, हक्काचा माणूस घरातच आहे की!" मी म्हणाले. "चौकट त्याच्याकडे पाठवा."

"पाठवली ना, ताई. जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसलो होतो. खूप वेळ बघत राहिले ते. म्हणाले, 'परत हात लावला तर मी नाही गं सुटायचा.'"

"आणि?"

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, मुलगी कसलं तरी गाणं म्हणत होती.

"दाबलं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "त्यांनीच बसवलेलं होतं ना ते बटण."