दरी दिसावी म्हणून

हे मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. देवापुढंही नाही—तिथं हात जोडून दुसरंच काहीतरी मागत राहिले. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच कदाचित तुमच्यापुढं जीभ उचलतेय. सरळ सांगता येईल का? बघते.

मी नर्स होते. सगळी नोकरी गेवराई तालुक्यात झाली, त्यातली बरीच वर्षं चकलांब्याला. सपाट मुलूख, उन्हाळ्यात नुसता फुफाटा. लग्न केलं नाही. गेवराईत हायवेला लागून भाड्याची खोली होती. ट्रक गेला की ताटातली वाटी हलायची. तेव्हापासून मनात होतं—रिटायर झाल्यावर असं घर घ्यायचं, जिथून डोंगर दिसतील. हौस असणं काही गुन्हा नाही ना? बघा, लगेच स्वतःची बाजू मांडायला लागले.

घर मिळालं बालाघाटातल्या एका दरीत. दोन खोल्या, वर स्लॅब, पुढं लांब ओटा. विकणाऱ्यानं मला आधी गच्चीवर नेलं. खाली ओढा, पलीकडच्या उतारावर सीताफळीचं रान, वर डोंगराची लांबच लांब कड. मी तिथंच हो म्हणून टाकलं. ओट्यावर बसून बघायचं सुचलंच नाही. राहायला आल्यावर बसले, तर समोर चिंच. खालच्या अंगाला सोजरबाईंचं पत्र्याचं घर, त्यांच्या अंगणात ती उभी. एवढी थोरली, की अर्धी दरी तिच्यामागं लपलेली. माझे गुडघे असे, की गच्ची रोज चढवत नाही.

पहिल्याच संध्याकाळी सोजरबाईंनी पिठलं-भाकरी पाठवली होती, हेही सांगायला हवं. घरात त्या आणि सून मंगल. मुलगा पुण्याकडं ड्रायव्हर, महिन्यातून एखादी चक्कर. मंगल माझ्या गुडघ्यांना तेल लावून द्यायची. न सांगता.

एकदा मी सोजरबाईंना सुचवून पाहिलं—थोड्या फांद्या छाटल्या तर? त्या हसल्या. "आवो सिस्टर, तिच्या सावलीनं तर आमचे पत्रे गार राहत्यात. अन् चिंचा इकून मीठमिरची भागती. तिला काहून छाटायची?" मी पण हसले. आणि मनात राग धरला. माणसाला झाडाचा राग येतो? मला आला. रोज सकाळी चहाचा कप घेऊन बसायचे आणि डोंगर बघायच्याऐवजी त्या झाडाकडं बघत राहायचे.

बाजाराच्या दिवशी दोघी गेल्या होत्या. भर दुपार. वाडीत चिटपाखरू नव्हतं. अंगणातल्या गवतासाठी आणलेलं तणनाशक घरात होतं. मी—लिहून टाकते आता—कपाटातली सिरिंज काढली. बुंध्याला मागच्या बाजूनं खिळा ठोकून भोकं पाडली, औषध भरलं, वर चिखल लिंपला. गावोगावच्या लेकरांना ज्या हातानं लस टोचली, तोच हात. घरी येऊन तो साबणानं दोनदा धुतला.

पाला पिवळा पडला, मग गळाला. सोजरबाईंनी बुंध्याला शेणाचा लेप दिला, हळदकुंकू वाहिलं. मी शेजारी उभी होते. "कीड लागली असेल," म्हणाले. दिवाळीपर्यंत नुसता सांगाडा उरला.

इतकंच सांगून थांबावं, असं लिहायला बसताना ठरवलं होतं. झाडाचं सांगितलं की झालं. पण झाड हे काही सगळं नाही, हे मला माहीत आहे.

मंगल धुण्याभांड्यांचं पाणी चिंचेच्या बुडाशी ओतायची. बऱ्याच वर्षांची सवय. एका सकाळी सोजरबाई तिला दंडाला धरून माझ्या ओट्यावर घेऊन आल्या. तोंडावर कळा नव्हती त्यांच्या. "सिस्टर, तुमी शिकलेल्या हाव. साबनाच्या पाण्यानं झाड मरतं का न्हाई, तुमीच सांगा."

मंगल माझ्याकडं बघत होती—निवांत. मी नाही म्हणणार, याची तिला खात्री होती.

मी म्हणाले, "मरू शकतं."

दोनच शब्द. कुणी माझ्यावर संशय घेतला होता का? नाही. मला कसली भीती होती? ते स्वतःला विचारायलाही वेळ घेतला नाही मी. शब्द तयारच होते.

त्या आठवड्यात तिचा नवरा आला. अंगणात त्यानं तिला मारलं. मला ऐकू येत होतं. दवाखान्यात आलेल्या कितीतरी बायांना मी सांगायचे—गप्प बसू नका, तक्रार करा. त्या दिवशी मी आत गेले आणि दार लावून घेतलं.

झाड तोडून नेलं. आता उन्हाळ्यात त्यांचे पत्रे तापतात, घरात थांबवत नाही. सोजरबाई दुपारी माझ्याच ओट्यावर सावलीला येऊन बसतात. दरी पूर्ण दिसते. पाहुणे फोटो काढतात, म्हणतात, "सिस्टर, काय जागा शोधलीत!"

मंगल सांडपाण्याची बादली रोज ओढ्याकडच्या खडकावर नेऊन ओतते. चढ-उतार करत. तिथं काही उगवत नाही, म्हणून.

गेल्या आठवड्यात ती आली. सोजरबाई लग्नाला गेल्या होत्या. आम्ही दोघीच. पायरीवर बसली आणि खाली बघत म्हणाली, "सिस्टर, आत्याबाई आता काई बोलत न्हाईत. पर माझ्याच हातानं गेलं ना ते झाड. लई वाईट वाटतं."

हाताच्या अंतरावर बसली होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. सांगायला याहून बरी वेळ येणार नव्हती, हे मला त्या क्षणीच कळत होतं.

मी म्हणाले, "चहा टाकते."

तिनं चहा घेतला. कप धुऊन उपडा घातला. जाताना म्हणाली, "तुमच्यापाशी बोललं की हलकं वाटतं."

"येत जा," मी म्हणाले.