कळवणाऱ्याचं नाव

वेरोना हुडाकच्या छातीत पेसमेकर बसवला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. साल १९७४. साध्या पेसमेकरची बॅटरी दोन वर्षांत संपायची, की पुन्हा टेबलावर आडवं व्हा. हा प्लुटोनियमवर चालणारा. "आता जन्माची काळजी मिटली," डॉक्टर म्हणाले. मिटलीच म्हणायची! पिट्सबर्गजवळच्या त्या गावातला पोलादाचा कारखाना बंद पडला, नवरा गेला, मुलगा अपघातात गेला, पेसमेकर बनवणारी कंपनीसुद्धा बुडाली. छातीतली डबी तेवढी ठणठणीत राहिली.

आणि ती डबीही तिची नव्हती. मेल्यावर काढून सरकारी प्रयोगशाळेला परत करायची, या अटीवर मिळालेली. म्हणून दर सहा महिन्यांनी रुग्णालयातून फोन यायचा. पत्ता तोच ना? लांबच्या प्रवासाला निघालात का? आणि तुमच्या मृत्यूची खबर आम्हाला कोण देणार? तिथे आधी नवऱ्याचं नाव होतं, मग मुलाचं. आता रकाना रिकामा होता.

"हुडाकबाई, महिनाभरात नाव लागेलच," फोनवरची मुलगी म्हणाली. मागाहून टपालानं फॉर्मही पाठवला.

दर गुरुवारी सकाळी चर्चच्या तळघरात बायका विक्रीसाठी पिरोही, म्हणजे उकडीच्या करंज्या, करायला जमत. बटाट्याचं सारण भरून कड चिमटायची. वेरोनासारखी कड कुणालाच जमत नसे. चाळीस वर्षं ती ओल्गा पेत्रिकच्या शेजारी बसत आली होती, पण डबीबद्दल घराबाहेर कधी बोलली नव्हती. आता गुरुवारी तळघरातच फॉर्म घेऊन ती ओल्गाकडे वळली.

"नुसतं नाव घालायचंय गं. मी गेले की एक फोन कर, झालं."

ओल्गानं फॉर्म वाचला, तोही मोठ्यानं. "प्लुटोनियम? अगं बये, बॉम्बमधलं? आणि इतकी वर्षं आमच्या पिठात हात घालतेस?"

"छातीत आहे ते, हातात नाही. तुझ्या नवऱ्याच्या सिगारेटीनं तुला जास्त त्रास झाला असेल."

कुणी हसलं नाही. ओल्गानं फॉर्म दोन बोटांत धरून परत केला.

पुढच्या गुरुवारी पिठाजवळच्या वेरोनाच्या खुर्चीत दुसरीच बसली होती. वेरोनाला दाराशी खोके बांधायला दिले. "तुझ्याच तब्येतीसाठी गं," ओल्गा लांबूनच म्हणाली. यातल्या निम्म्या बायकांना वेरोनानं बाळंतपणात घरी सूप नेऊन दिलेलं. लाज कशी वाटली नाही एकीलाही! त्यानंतर ती गेली नाही, आणि का येत नाहीस म्हणून कुणी विचारलंही नाही.

महिना संपला तसा फोन आला.

"नाव काय लिहू?"

"कुणी नाही."

"मग आम्हीच दर आठवड्याला फोन करू. तुम्ही उचलला नाहीत, तर तासाभरात माणूस घरी येईल."

गेल्या हिवाळ्यात न्हाणीघरात पडून वेरोना दीड दिवस फरशीवर होती. तेव्हा कुणीही आलं नव्हतं.

"माझ्यासाठी?"

"म्हणजे... पेसमेकरसाठी," मुलगी म्हणाली. खोटं बोलायला अजून शिकली नव्हती बिचारी. "कोणता दिवस सोयीचा पडेल?"

"गुरुवार," वेरोना म्हणाली. "सकाळी कर. गुरुवारी सकाळी मी मोकळीच असते."