चिंचेनं घासलेलं कासव

आमच्या उचगावच्या घरात कासव आणलं ते सुनेनं. तिच्या मैत्रिणीची बदली झाली, म्हणून तिनं ते टबासकट हिला दिलं. तळहाताएवढं, पाण्यातलं, हिरवंगार. सून कापडदुकानात कामाला जाते. घरी आली की चप्पल काढायच्या आधी टबात डोकावायची. मी दिवसभर घरीच. मला माणसांत बोलायला जमत नाही, पण दुपारी त्या कासवाशी बोलायचे.

वर्षभरात ते वाढलं आणि हिरवा रंग काळपट पडत गेला. त्याच्या पाठीवर चौकोनी तुकडे जोडल्यासारखे असतात. त्यांतल्या दोन-तीन तुकड्यांवर पांढुरका थर दिसायला लागला. सून मला आत्या म्हणते. ती म्हणाली, "आत्या, ते वाढतंय म्हणून तसं दिसतंय. हात लावू नका हं." मी मान हलवली.

गौरीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका आल्या. शेजारीण टबावर वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "काय वो काकू, तुमच्या कासवाला गजकर्ण झालं व्हय?" सगळ्या हसल्या. सून दुकानात होती. मी पानसुपारी पुढं केली.

दुसऱ्या दिवशी देवाची पितळी भांडी घासायला बसले. वाटीत चिंच भिजवली होती, मीठ होतं, काथ्या होता. शेजारणीचं हसू डोक्यातून जात नव्हतं. मी कासव उचललं आणि चिंच लावून घासलं. त्यानं मान, पाय सगळं आत ओढून घेतलं. मला वाटलं, शहाण्यासारखं गप बसलंय. एका पांढऱ्या तुकड्याची कड सुटली होती. ती मी नखानं धरून ओढली. खालून गुलाबी निघालं, ओलं. मी घाबरून त्याला पाण्यात सोडलं आणि वाटी धुऊन पालथी घातली.

संध्याकाळी सुनेनं बघितलं आणि ती रडायलाच लागली. लेक तिला म्हणाला, "तुला सांगितलं हुतं, हे थेर नकोत म्हणून. घाण पाण्यात सडलं ते."

"मी रोज पाणी बदलते. आत्या, सांगा की."

"बदलते की ती," मी म्हणाले. एवढंच म्हणाले आणि भाकरी थापत राहिले.

सकाळी आम्ही दोघी रिक्षानं कोल्हापुरात जनावरांच्या डॉक्टरांकडं गेलो. टब माझ्या मांडीवर होता. डॉक्टरांनी पाठ उलटसुलट बघितली. विचारलं, "कुणी घासलं, ओढलं काय?"

"न्हाय," सून म्हणाली, "आमच्यात कुणी हातच लावत न्हाय."

किती खात्रीनं म्हणाली ती. मी भिंतीकडं बघत होते. मग डॉक्टर म्हणाले, पाण्यानंच काहीतरी झालं असेल, पाण्याकडं नीट लक्ष द्यायला पाहिजे. त्यांनी मलम दिलं. सून खाली मान घालून ऐकत होती.

परत येताना ती म्हणाली, "माझंच चुकलं, आत्या. मैत्रिणीला सांगते, ह्याला दुसरं घर बघ म्हणून."

तेव्हा माझ्या तोंडातून निघालं, "चिंच लावली मी. मिठानं घासलं. ओढलं पण मीच."

ती पुढं वाकून रिक्षावाल्याला म्हणाली, "पावणं, रिक्षा मागं वळवा." दवाखान्यात तिनं टब टेबलावर ठेवला. "आता तुम्हीच सांगा," म्हणाली. बाकावर कुत्री-मांजरं घेऊन माणसं बसली होती. त्यांच्या देखत मी सगळं सांगितलं. एकजण फिसकन हसला.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी पाठ धुतली, मलम बदललं. म्हणाले, "मावशी, कासव वाढतं तसा रंग गडद होतो, तो मळ न्हवं. पांढरं झालेलं जुनं पापुद्र्यासारखं आपोआप गळतं आणि खाली नवं तयार असतं. तुम्ही ते तयार व्हायच्या आधी ओढलं. आणि हे मघाशीच सांगायचं की."

घरी सुनेनं लेकाला काही सांगितलं नाही. पंधरा दिवस ती मलम लावत होती आणि तो येता-जाता तिला बोलत होता. "जीव सांभाळायचा न्हाय तर आणायचा कशाला?" मी रोज ठरवायचे, आज सांगू. रोज गप बसायचे. जखमेवर खपली धरली त्या दिवशी जेवताना तो पुन्हा तेच म्हणाला. मी म्हणाले, "तिनं न्हाय केलं. मी चिंचेनं घासलं."

तो हसला. "असू दे की, आई. तुला काय म्हाईत असतंय?" आणि ताटाकडं वळला.

पंधरा दिवस तिला बोलत होता आणि मला एका वाक्यात सोडलं. तिला तो चुकलो म्हणाला नाही. ती खाली बघून जेवत होती. त्याला तिची माफी मागायला सांगावं, असं माझ्या मनात आलं. ते मी अजून सांगितलेलं नाही.